सरांचा एक आयरिश शब्द

आमच्या सरांना काहीही सांगायला गेलं की ते आधी विचारायचे, "कुणाकडून ऐकलंस?"

काहीही म्हणजे अगदी काहीही. उद्या मेट्रो बंद राहणार म्हटलं तरी हेच, इलिश मासा महागला म्हटलं तरी हेच. आमच्या कलकत्त्याच्या मराठी मंडळातल्या कुणाच्या मुलीचं लग्न मोडल्याची खमंग बातमी घेऊन एखाद्या काकू आल्या, तरी हेच. "सगळेच म्हणताहेत" असं उत्तर आलं की ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसायला घ्यायचे. "सगळे नावाचा माणूस मला अजून भेटलेला नाही," म्हणायचे, आणि ती बातमी तिथेच नापास व्हायची. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बातमीला तर ते परीक्षेलाच बसू द्यायचे नाहीत.

लोकांना याची गंमत वाटायची. मलाही वाटायची. आता नाही वाटत, आणि का नाही वाटत ते सांगायलाच हे लिहायला बसले आहे. सरांचं कौतुक करावं असा बेत नाही. तो हक्क मी घालवून बसले आहे. मधेच विषय सोडून त्यांच्या गमतीजमतींकडे पळाले तर समजून घ्या. नको त्या गोष्टीपासून पळायची माझी खोड जुनी आहे.

सरांचे आजोबा नोकरीसाठी कलकत्त्याला आले आणि इथलेच झाले. सर इथेच जन्मले, मुलींच्या एका मिशनरी शाळेत त्यांनी जन्मभर संस्कृत शिकवलं, आणि डमडमला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटे राहिले. लग्न केलं नाही. का, असं एका धीट काकूंनी विचारलं तेव्हा "राहून गेलं" म्हणाले, गॅस बंद करायचा राहून जातो त्या सुरात.

माझे वडील बँकेत. नागपूरहून बदली होऊन आले आणि इथेच रमले, मी तेव्हा तीन वर्षांची होते. शाळेत इंग्रजी, खाली खेळायला बंगाली, टीव्हीवर हिंदी, आणि आईशी मराठी, तीही "मी जेवण खाल्ली" थाटाची. आईने कपाळाला हात लावला आणि मला सरांच्या रविवारच्या वर्गात नेऊन बसवलं. मंडळाच्या हॉलमध्ये सात-आठ मुलं असायची. पुस्तक नाही, शुद्धलेखन नाही. दर रविवारी घरून एक शब्द आणायचा, आणि तो कुणी, कुणाला, कधी म्हटला ते सांगायचं. मी एकदा "धांदरट" नेला.

"कुणाकडून?"

"आई बाबांना म्हणाली."

"कधी?"

"बाबांनी दूध उतू घालवलं तेव्हा."

सरांनी ते गंभीर चेहऱ्याने जसंच्या तसं लिहून घेतलं. संक्रांतीला आई तिळगूळ द्यायला गेली तेव्हा तो कागद त्यांनी तिला अभिमानाने दाखवला. त्यानंतर महिनाभर आई माझ्यासमोर जपून बोलत होती.

हे कागद म्हणजे जुन्या लग्नपत्रिकांचे कापलेले तुकडे. कोऱ्या बाजूला शब्द, खाली तीन रकाने: कुणाकडून, कधी, कुठे. मागे कुणाचं तरी अर्धं कापलं गेलेलं "शुभविवाह". हे सगळे तुकडे संदेश मिठाईच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या डब्यांत, डब्यांना दोरा बांधलेला. साहजिकच मुंग्या लागायच्या. सर त्यांना मारायचे नाहीत, फुंकर घालून हाकलायचे आणि वर मराठीत दम द्यायचे. पुरणपोळीवर ते तुपाऐवजी खजुराचा पातळ गूळ ओतायचे, त्यावरून मंडळात दोन तट पडले होते. नोव्हेंबर लागला की शेजारच्या बंगाली काकांसारखी माकडटोपी चढायची ती होळीपर्यंत. त्या टोपीतून त्यांना ऐकू कसं यायचं देव जाणे, पण यायचं. दोन खोल्यांपलीकडे कुणी चुकीचा ऱ्हस्व-दीर्घ उच्चारला तरी यायचं.

एका वर्षी मंडळाच्या हळदीकुंकवाला त्यांना "महिलांविषयी दहा मिनिटं काहीतरी" बोलायला सांगितलं. सर पन्नास मिनिटं बोलले, आणि एकाच शब्दावर बोलले. आयरिश भाषेत बाईला काय म्हणतात.

"फार फार पूर्वी," सर म्हणाले, "कुठल्याशा गवताळ मुलखात माणसं बाईला एका शब्दाने ओळखत. त्याचा पहिला आवाज ग आणि व एकत्र दाबल्यासारखा होता. मग ती माणसं पांगली. आपल्या वेदात तो शब्द ग्ना म्हणून आला आणि जनि म्हणूनही आला. इराणात झन झाला, आणि तिथून फिरत फिरत आपल्याकडे जनाना आला. इंग्लंडात गेला तो एकदम राणी होऊन बसला, क्वीन. आणि पार पश्चिमेला, जिथून पुढे नुसता समुद्र, तिथे आयर्लंडात तो झाला ब्यान."

मग त्यांनी फळ्यावर रूपं लिहिली. एक बाई असेल तर ब्यान. बाईचं काही असेल तर म्ना. अनेक बायका, पुन्हा म्ना. अनेक बायकांचं काही असेल तर बान. "आपल्याकडे शब्दाचं शेपूट बदलतं," सर म्हणाले, "यांच्याकडे तोंडच बदलतं. पण ही म्ना आणि वेदातली ग्ना शेजारी बसवून बघा. सख्ख्या बहिणी आहेत."

वाणाच्या पिशव्या मांडीवर घेऊन बायका ऐकत होत्या. शेवटी एका काकूंनी विचारलं, "सर, पण याचा उपयोग काय?"

"तुमच्या मावसबहिणीचा काय उपयोग?" सर म्हणाले.

सर खडू ठेवता ठेवता म्हणाले, "पाचवंही रूप आहे. बाईला काही द्यायचं असेल तेव्हाचं. जुनं आहे, आता फारसं कुणी वापरत नाही. पुस्तकात दिलेलं आहे, पण मी ते अजून ऐकलेलं नाही. तेव्हा ते सांगत नाही." आणि बसले.

आता हा शब्द त्यांना कुणी दिला ते सांगायला हवं. त्यांच्या शाळेत भूगोल शिकवणारी एक आयरिश नन होती. सर तिला कायम "आमच्या बाई" म्हणायचे, आपल्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला म्हणतात तसं. आयर्लंडच्या दक्षिणेला समुद्रकाठचं तिचं गाव, घरात आयरिशच बोलायची पद्धत. विशीत ती कलकत्त्याला आली आणि परत म्हणून गेली नाही. एकदा स्टाफरूममध्ये सर कुणाला तरी वेदातली ग्ना समजावून देत होते. पलीकडे वह्या तपासणारी बाई मान वर न करता म्हणाली, "माझ्या आईच्या भाषेत म्ना." सरांच्या हातातला चहा गार होईपर्यंत तसाच राहिला, असं ते स्वतःच सांगायचे.

दोघं निवृत्त झाले. बाई मिशनच्या वृद्धाश्रमात राहायला गेली, एस्प्लनेडपासून चालत वीस मिनिटं. तेव्हापासून दर गुरुवारी तीन वाजता सर तिच्याकडे जायचे. अकरा वर्षं. पाऊस असो, बंद असो, गुरुवार चुकला नाही. आणि या अकरा वर्षांत त्यांनी एका शब्दाची चार रूपं तिच्या तोंडून ऐकली.

तुम्ही म्हणाल, विचारलं असतं तर पाच मिनिटांत सगळी सांगितली असती. मीही तेच म्हटलं होतं. सर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी कॉपी करायचा सल्ला दिला. त्यांची पद्धत अशी की विचारायचं नाही. विचारलं की माणूस आठवून, सजवून, तुम्हाला हवं ते देतो. गप्पा मारायच्या, आणि बोलता बोलता शब्द आपोआप पडेपर्यंत वाट बघायची. पडला तरच रकान्यात लिहायचं: ऐकला, बाईंकडून, अमुक गुरुवारी.

मी कॉलेजात असताना एकदा ते मला घेऊन गेले. व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत एक लहानशी म्हातारी बसलेली, पायात लोकरी मोजे, मे महिन्यात. तिने माझा हात हातात घेतला आणि इंग्रजीत विचारलं, "हे जिच्यावर रागावतात ती तूच का?" मग तिने तिच्या आईची गोष्ट सांगितली. संध्याकाळी आई गाईचं दूध काढायची तेव्हा पहिला लोटा स्वतःच्या मुलांना नाही, समोर राहणाऱ्या एका विधवा बाईला. मुलं दारात भुकेली उभी, आणि आई रस्ता ओलांडून चालली. बाई ही गोष्ट अर्धी आयरिशमध्ये, अर्धी इंग्रजीत सांगत होती, आणि सर खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. "त्या बाईला" म्हणायची वेळ आली आणि ती इंग्रजीत गेली. पायऱ्या उतरताना सर माझ्यावर उखडले. "तुझ्यामुळे गेली इंग्रजीत. पाहुणी दिसली की जाते." घरापर्यंत बोलले नाहीत. पण डमडमला उतरताना खिशातून लिमलेटची गोळी काढून दिली.

पुढे बाईचं विसरणं वाढलं. नवं आधी जातं, जुनं राहतं, तसं तिचं इंग्रजी गळायला लागलं आणि आयरिश तेवढं उरलं. तिथल्या आयाशी ती आयरिशमध्ये बोलायची, आया बंगालीत उत्तरं द्यायची, आणि दोघींचं कुठे अडायचं नाही. पण तिच्या भाषेतली चार वाक्यं बोलणारं माणूस साऱ्या शहरात तिच्यासाठी एकच होतं, ते म्हणजे आमचे सर, तेही चुका करत.

अशात सर बाथरूममध्ये पडले. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, दीड महिना पलंग. मी तोवर न्यू टाउनला नोकरीला लागले होते, आणि राहायला डमडमलाच, त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"गुरुवारी जाशील?" म्हणाले. मी त्यांना कधी काही मागताना पाहिलं नव्हतं. "तू फक्त बसायचं. दूध कुणाला द्यायची आई, एवढं तिच्या भाषेत विचार. मी देवनागरीत लिहून देतो. आता ती इंग्रजीत जायची नाही. आता येईल ते रूप." मग म्हणाले, "आणि रूप नाही आलं तरी चालेल. पण कुणीतरी जायला हवं. ती वाट बघते."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं, हे सांगते, कारण पुढे सांगण्यासारखं फारसं नाही.

त्या गुरुवारी मी ऑफिसातून लवकर निघाले. बसने एस्प्लनेडला उतरले तेव्हा अजून चार वाजायचे होते. चैत्र सेल चालू होता, बंगाली वर्षअखेरीचा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगते, चैत्र संपताना कलकत्त्याचे फुटपाथ दिसत नाहीत, नुसते कपडे दिसतात. मी म्हटलं पाच मिनिटं. एक कुर्ता घेतला, मग आईला चादर, मग पुन्हा एक कुर्ता बदलायला मागे गेले. खरं सांगायचं तर मला जायचंच नव्हतं. त्या व्हरांड्यातला औषधांचा वास, समजत नाही अशा भाषेत बोलणारी म्हातारी, आणि मी हातात चिठ्ठी घेऊन बसलेली, याचा मला आतून कंटाळा आला होता. घड्याळ बघितलं तेव्हा सव्वासहा. भेटायची वेळ सहापर्यंत. मला हायसं वाटलं. हे लिहिताना हात थांबला, पण वाटलं होतं हे खरं आहे.

मेट्रोत बसायला जागा मिळाली. मोबाइलवर तो शब्द शोधला, पाचवं रूप तक्त्यात होतंच, म्नी. सरांनी दिलेल्या लग्नपत्रिकेच्या तुकड्यावर मी ते लिहिलं. कुणाकडून: बाईंकडून. कधी: आज. कुठे: व्हरांड्यात. खाली माझी सही. डमडमला उतरून आधी घरी गेले, पिशव्या ठेवल्या, आणि मग सरांकडे.

सरांनी तो तुकडा दोन्ही हातांत धरला. मग म्हणाले, "कशी म्हणाली?"

मी म्हटलं, "हसत हसत म्हणाली."

"विचारल्यावर लगेच?"

"नाही, गोष्ट सांगता सांगता. आई रस्ता ओलांडते ना, तिथे."

आता बघा, हे मला कुणी सांगितलं होतं? पण सुचलं. खोटं सुचायला मला कधी वेळ लागला नाही. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. कामवाल्या मावशींना त्यांनी मिष्टी दोई, म्हणजे इथलं गोड दही, आणायला पिटाळलं, मला दोन वाट्या खायला लावलं, आणि मंडळाच्या सेक्रेटरींना फोन करून "पाचवं मिळालं" म्हणून सांगितलं. त्या बिचाऱ्यांना पाचवं काय ते कळलं नाही. मग पलंगावर आडवे पडल्या पडल्या सरांनी तक्ता पुरा केला. ऐकणाऱ्याचं नाव म्हणून माझं नाव लिहिलं. अकरा वर्षांत त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं नाव बाईंच्या शब्दांच्या त्या डब्यात गेलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी त्यांनी मला फक्त संदेश घेऊन जायला सांगितलं. तिला आवडायचा तो, नरम पाकाचा, मावशींकडून मुद्दाम आणवलेला डबा. "आभार मानून ये," म्हणाले. त्या दिवशी ऑफिसात खरोखर काम होतं, निदान मी स्वतःला तसं सांगितलं. दुपारी डबा टेबलावर उघडला आणि आम्ही सहा जणांनी तो संपवला. संध्याकाळी सरांना सांगितलं, बाईने दीड खाल्ला, अर्धा आयाला दिला. दीड हा माझा आवडता तपशील होता. पुरे दोन म्हटलं असतं तर खोटं वाटलं असतं.

शनिवारी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. सरांचा फोन आला.

"बाई गेल्या," म्हणाले. "आश्रमातून आत्ता कळवलं. सोमवारी गेल्या. मंगळवारी दफन झालं."

मी हातातला ओला कपडा दोरीवर टाकला.

"गुरुवारचे संदेश कुणी खाल्ले?" त्यांनी विचारलं.

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मी ओल्या हातांनी तशीच निघाले. त्यांच्या पलंगाशी स्टूल ओढून बसले आणि सांगून टाकलं, गुरुवारी गेले नाही, ऑफिसात अडकले, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून खोटं बोलले. रडलेही. रडणं खरं होतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि आधीच्या गुरुवारी?"

त्यांच्या उशाशी तो तक्ता होता. मी म्हटलं, "तेव्हा गेले होते सर. शप्पथ."

शपथ त्यांनी मागितली नव्हती.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला. "या गुरुवारचं खरं सांगितलंस ते बरं केलंस," म्हणाले. "म्हणजे त्या गुरुवारवर विश्वास ठेवायला हरकत नाही." आणि डोळे मिटून म्हणाले, "निदान तुझ्याशी बोलून गेली. शेवटच्या आठवड्यात कुणीतरी तिच्याजवळ बसलं."

मी चोरीतला अर्धा माल परत करून उरलेला अर्धा पचवला. मला वाटलं, सुटले.

वॉकर घेऊन चालता यायला लागल्यावर सर आश्रमात जायचं म्हणाले. बाईने त्यांच्यासाठी प्रार्थनेचं छोटं पुस्तक ठेवलं होतं. मी टॅक्सीने घेऊन गेले. सर ऑफिसात सिस्टरशी बोलत होते, मी व्हरांड्यात थांबले. आया फरशी पुसत होती. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. माश्टारमशाई, म्हणजे आमचे सर, आले हे बघून तिला भरून आलं, आणि ती मला सांगायला लागली. बंगालीत सांगत होती, मला शब्द न् शब्द कळत होता. माश्टार पडलेत हे आम्ही म्हातारीला रोज सांगायचो, रोज विसरायची. त्या शेवटच्या गुरुवारी तीनच्या आधीच खुर्ची गेटकडे वळवून बसली. चहा घेतला नाही. गेट वाजलं की उठायला बघायची. "आशबे, आशबे" म्हणायची, येतील, येतील. बंगालीतला तेवढा एक शब्द तिच्याकडे राहिला होता. अंधारून आल्यावर मी तिला आत नेलं, आया म्हणाली, तर हात सोडेना.

मी त्या वेळी कुर्ता बदलून घेत होते.

सर बाहेर आले. "काय सांगत होती ती?" त्यांनी विचारलं.

"यंदा ऊन फार आहे म्हणाली," मी म्हटलं.

आणि जन्मात पहिल्यांदा सरांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांच्या हातात ते पुस्तक होतं, त्यांचं लक्ष नव्हतं.

जूनमध्ये बाईच्या भाचीने आश्रमातून सरांचा नंबर मिळवला. तिला त्यांना बघायचं होतं. सरांकडे साधा फोन, म्हणून व्हिडिओ कॉल माझ्या मोबाइलवर झाला. सरांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. स्क्रीनवर पन्नाशीची एक बाई, मागे स्वयंपाकघर. सरांनी तिच्याशी आयरिशमध्ये दोन वाक्यं बोलून दाखवली, ती हसली, डोळे पुसले. मग सरांनी मोबाइल माझ्याकडे वळवला आणि इंग्रजीत म्हणाले, "हिला भेटा. तुमच्या आत्याजवळ शेवटच्या गुरुवारी ही बसली होती."

भाची स्क्रीनच्या जवळ आली. म्हणाली, वर्षभरात आम्ही एकदाही फोन केला नाही. तिला आमची ओळख राहिली नाही असं समजून सोडून दिलं. माझी झोप उडाली आहे. मला एकच सांगा, ती कुणाची वाट बघत होती का? एकटी होती का?

सर माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल जो अभिमान होता तसा माझ्या वडिलांच्या चेहऱ्यावरही मी कधी पाहिलेला नाही.

"नाही," मी म्हटलं. "एकटी नव्हती. मी होते."

भाची दोन्ही हातांत तोंड धरून रडली. फोन ठेवल्यावर सरांनी मला जवळ बोलावलं. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मी नाही, पण तू गेलीस. चांगलं झालं."

त्यांनी सुवाच्य अक्षरात पाचही रूपांचा तक्ता नव्याने लिहिला आणि आयर्लंडला पाठवला. पाचव्या ओळीत माझं नाव. भाचीने तो चौकटीत बसवून स्वयंपाकघरात लावला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते.

सर गेल्या हिवाळ्यात गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही. शेवटपर्यंत माझ्याकडून त्यांना कळलं नाही, आणि मी सांगितलं असतं अशीही माझी खात्री नाही. मला सांगायच्या संधी किती मिळाल्या ते मोजायला बसले की मी उठून दुसरं काहीतरी करते.

भाचीचं दर नाताळाला कार्ड येतं. गेल्या वेळी तिने लिहिलं, आत्या गेली त्या आठवड्याचा विचार आला की मला तुमची आठवण येते आणि मग झोप लागते. मी दर वेळी उत्तर पाठवते. हवापाण्याचं लिहिते, दुर्गापूजेचं लिहिते.

आता हे सगळं लिहिलं आहे ते मराठीत. हे मराठी सरांनी दिलं, त्यांनी वाचलं असतं, पण ते नाहीत. जिने वाचायला हवं तिला मराठी येत नाही, आणि हे मला पहिली ओळ लिहिण्याआधीच ठाऊक होतं. इंग्रजीत लिहायचं तर चार ओळींचं काम आहे. पत्ता माझ्याकडे आहे.